ल्युकेमियाच्या कोडमधला तो शेवटचा आकडा

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या फाइलवर किंवा विम्याच्या क्लेमवर सी९१.०१ असलं काहीतरी लिहिलेलं असतं, आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड, आणि कोडिंगवाल्यांची, म्हणजे निदानाला असे कोड लावणाऱ्यांची निम्मी भांडणं त्यातल्या शेवटच्या एक वरून असतात. तो आकडा मुळात तिथे नव्हताच.

ही सगळी यादी सुरू झाली ती मेलेल्यांची मोजदाद करायला. जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, बिलाचा तेव्हा काही संबंधच नाही. १९४८ ला डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, सहावी आवृत्ती काढली तेव्हा कुठे आजारपणं पण त्यात आली. त्या काळात सगळ्या ल्युकेमियाला मिळून २०४ हा एकच नंबर होता, आत उपप्रकार असायचे पण वरचं घर एकच. नववी आवृत्ती येईपर्यंत २०४ ते २०८ अशी पाच घरं झाली, लिम्फॉइड वेगळा, मायलॉइड वेगळा, मोनोसायटिक वेगळा, बाकीचे आणि ज्याचा प्रकारच कळला नाही तो शेवटी.

मग पैसा आला. अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, हॉस्पिटलला डीआरजी नावाच्या निदान-गटांप्रमाणे पैसे द्यायला सुरुवात केली, म्हणजे निदानाचा कोड कुठल्या गटात बसतो त्यावर रक्कम ठरणार, आणि मोजणीसाठी केलेली यादी एकदम हिशोबाची वही झाली.

आता गंमत अशी की मृत्यूच्या दाखल्यात रिमिशन, म्हणजे उपचाराने आजार आटोक्यात आलेली अवस्था, हा प्रकार कशाला लागेल? पण जिवंत पेशंटच्या फाइलमध्ये लागतोच, म्हणून अमेरिकन आवृत्तीत पाचवा आकडा जोडला, शून्य म्हणजे रिमिशन नाही, एक म्हणजे रिमिशनमध्ये. रिलॅप्ससाठीचा, म्हणजे आजार उलटल्याचा, दोन तर थेट ऑक्टोबर २००८ मध्ये आला, तोपर्यंत आजार उलटून आलेला आणि आजार कधी आटोक्यातच न आलेला असे दोन्ही पेशंट कोडच्या नजरेत सारखेच, हे मला तरी फार उशिराचं वाटतं.

१ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिका दहाव्या आवृत्तीवर गेली, २०४ चं सी९१ झालं पण शेवटचा आकडा तसाच राहिला. सीएमएलच्या, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या सी९२.१ मध्ये मात्र बीसीआर-एबीएल (दोन जनुकं चुकीने जोडली जाऊन झालेलं जनुक) पॉझिटिव्ह असं नावातच घातलं. हे जनुक ज्यावर असतं ते बिघडलेलं फिलाडेल्फिया क्रोमोसोम सापडलं १९६० मध्ये, यादीला पोचायला एवढी वर्षं लागली बघा.

वाद अजून आहे तो रिमिशन आणि झेड८५.६ चा, म्हणजे पूर्वी ल्युकेमिया होऊन गेलाय असं सांगणारा कोड. मेंटेनन्स केमो, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून पुढे चालू ठेवलेली केमोथेरपी, चालू असताना झेड८५.६ टाकायचा नसतो, पण रिपोर्ट नॉर्मल दिसला की टाकला जातो, मग क्लेममध्ये औषध आहे आणि आजार नाही, साहजिकच क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारी विचारणा, येते. पेशंट रिमिशनमध्ये आहे की आजार इतिहासजमा झालाय हे कोडरने ठरवायचं नसतं, डॉक्टरने नोटमध्ये लिहायचं असतं, आणि नेमकं तेच वाक्य बऱ्याच नोटमध्ये नसतं.