यंत्राधारित व्यायामशाळा

एकेका स्नायुगटाला यंत्राद्वारे मोजका भार देण्यासाठी आखलेली बंदिस्त व्यायामशाळा. रूढ नाव जिम. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो जर्मन व्यायामशिक्षक फ्रीड्रिख यान यांनी १८११ मध्ये बर्लिनजवळ हासेनहायडे येथे सुरू केलेल्या मैदानापर्यंत मागे नेतात. परंतु तेथे चढणे, लोंबकळणे, उड्या मारणे असे सारे उघड्यावर आणि जमावाने चाले. पॅरिसमधील इपोलित त्रिया यांची व्यायामशाळा (सु. १८५०) बंदिस्त होती, व्यवसाय म्हणून जिमची सुरुवात तेथून धरता येते. अंतर्रचनेचा विचार केल्यास मात्र स्वीडिश वैद्य गुस्ताव झांडर (१८३५–१९२०) यांना जनक मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

झांडर यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे उपचारसंस्था काढली. स्वीडिश व्यायामशिक्षक पेर हेन्रिक लिंग यांच्या प्रचलित पद्धतीत शिक्षक रुग्णाच्या हालचालीला स्वतःच्या हातांनी विरोध करी. हाताचा जोर माणसागणिक बदलतो, म्हणून झांडर यांनी त्याजागी तरफ आणली. दांड्यावरचे वजन सरकवून खुणेवर पक्के केले की हवा तेवढा भार मिळे. शिवाय हालचालीच्या टप्प्यांनुसार स्नायूची ताकद कमीजास्त होते, तसा तरफेचा विरोधही बदलत जाई. काही यंत्रे वाफेवर चालत. त्यांत रुग्णाने स्वस्थ बसायचे, हलवण्या-थोपटण्याचे काम यंत्र करी. टायटॅनिक जहाजावरील (१९१२) विजेचा उंट व घोडा, म्हणजे त्यांच्या पाठीवर बसल्यासारखे हलवणारी यंत्रे, याच परंपरेतली.

अमेरिकी यंत्रनिर्माते आर्थर जोन्स यांच्या नॉटिलस या व्यायामयंत्रांत (१९७०) बदलता विरोध शंखाकृती चकतीने साधला जातो. तत्त्व झांडर यांच्या तरफेच्या जवळचे असले, तरी थेट वारसा मानणे घाईचे ठरेल. ट्रेडमिललाही रुग्णालयाची पार्श्वभूमी आहे. फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासण्याची पद्धत हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी अमेरिकेत रूढ केली. घरगुती ट्रेडमिल त्यानंतरची.

रुग्णासाठी योजलेली यंत्रावर बसण्याची ही पद्धत निरोगी माणसालाही लागू झाली, हा या रचनेचा सर्वांत खोल परिणाम होय. पाठ टेकलेली, मांड्या गादीखाली अडकवलेल्या, हालचालीचा मार्ग आधीच ठरलेला; तोल सांभाळणे, पकड बदलणे, दिशा निवडणे यांना वावच उरत नाही. व्यायाम करणारा ‘आज छाती, उद्या पाय’ अशी शरीराची वाटणी करू लागतो.

महाराष्ट्रातील तालमीची घडण वेगळी. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या लाल मातीच्या हौद्यात जोडीदाराचा डाव ओळखून सगळे अंग एकदम वळवावे लागते. जोर-बैठकांतही कोणताच अवयव सुटा राहत नाही. अलीकडे अनेक तालमींत हौद्याशेजारीच यंत्रांची खोली दिसते.