पॅनेलमधला सेल कुठला, हे आधी विचारा

सप्रेम नमस्कार.

आमचं सोलरचं कोटेशन हातात पडलं की बहुतेक ग्राहक एकच गोष्ट विचारतात. डीसीआर (डोमेस्टिक कंटेंट रिक्वायरमेंट, म्हणजे देशी मालाची अट पाळणारं) पॅनेल आणि साधं पॅनेल, दोन्हींवर 'मेड इन इंडिया' लिहिलंय, मग डीसीआर महाग का?

फरक आतल्या सेलचा, म्हणजे उन्हापासून वीज बनवणाऱ्या चकतीचा आहे. साध्या पॅनेलमध्ये सेल बहुधा चीनमधून येतो आणि इथे त्यावर काच, फ्रेम, जंक्शन बॉक्स चढतो. डीसीआरमध्ये सेलसुद्धा भारतात बनलेला असावा लागतो. जोडणीचे कारखाने आपल्याकडे भराभर उभे राहिले, सेलचे मात्र अजून कमी आहेत. म्हणून वॅटमागे काही रुपये जास्त पडतात.

घरगुती मीटर असेल तर यावर डोकं शिणवायची गरज नाही. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी डीसीआर पॅनेललाच मिळते: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. दरातला फरक त्यात सहज निघून जातो.

विचार करावा लागतो तो हॉटेल, काजू फॅक्टरी, बर्फाचा कारखाना अशा ठिकाणी. तिथे ही सबसिडी नाही. तरीही आम्ही डीसीआरच सुचवतो, आणि त्याचं कारण देशाच्या हिशोबात आहे. आपल्या कोकणातल्या आंब्याशीच तुलना करू. २०२३-२४ मध्ये भारतातून ताजा आंबा परदेशी गेला तो सुमारे ६ कोटी डॉलरचा. हापूस, केशर, सगळा धरून. त्याच वर्षी एकट्या चीनबरोबरच्या व्यापारात आपली तूट सुमारे ८,५०० कोटी डॉलरची होती, म्हणजे आंब्याच्या जवळपास चौदाशे पट. पुढच्या वर्षी ती ९,९०० कोटींवर गेली. आपण बागायतदारांनी कितीही पेट्या पाठवल्या तरी ही तूट भरून निघणार नाही. ती पडते यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स आणि सुट्या भागांच्या खरेदीतून, आणि कमी व्हायची तर तिथेच कमी होईल. यातला बराच माल उतरतो आपल्याच किनाऱ्यावर, न्हावा-शेव्याला.

आयात केलेली प्रत्येक वस्तू नुकसानीचीच, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. कच्च्या तेलाची आपली ८५ टक्क्यांहून जास्त गरज बाहेरून भागते. हॉटेलचा जनरेटर रोज डिझेल पितो आणि ते पैसे रोज बाहेर जातात. पॅनेल एकदा घेतलं की पंचवीस वर्षं वीज देतं. त्यामुळे बजेट खरोखरच बसत नसेल तर चिनी सेलचं पॅनेलसुद्धा छप्पर रिकामं ठेवण्यापेक्षा बरं.

डीसीआर म्हणजे सगळंच स्वदेशी, असंही नाही. सेल ज्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ कापावर बनतो, तो अजून बहुतांशी चीनमधूनच येतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. १ एप्रिल २०२२ पासून आपण पॅनेलवर ४० आणि सेलवर २५ टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा आधी जोडणी इकडे आली. आता सेल येतोय. त्याला गिऱ्हाईक मिळालं तरच कोणी वेफरच्या कारखान्यात पैसे घालेल.

स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतं तो सांगाडा, मात्र आम्ही इथल्याच, रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतो. तयार गॅल्व्हनाइज्ड पाइप आणून साइटवर भोकं पाडली की खाऱ्या हवेत त्या कडांपासून गंज धरतो आणि दोन पावसाळ्यांत तांबूस ओघळ भिंतीवर उतरतात. म्हणून आधी मापं घेऊन कटिंग आणि भोकं उरकतो, मगच पाइप जस्तात बुडवायला पाठवतो. समुद्रालगतच्या घरांना बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे लावतो. पॅनेल कुठल्याही कंपनीचं घ्या, त्याला मिठाच्या हवेच्या चाचणीचं, म्हणजे आयईसी ६१७०१ चं, प्रमाणपत्र आहे का ते पाहा.

काम आमच्याकडून करून घ्या किंवा दुसऱ्या कोणाकडून, प्रत्येक पॅनेलचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या आणि पॅनेल छपरावर चढवण्याआधी तो पाठीमागच्या स्टिकरशी स्वतः ताडून पाहा. डीसीआरचे पैसे घेतले असतील तर उत्पादकाचं डीसीआर प्रमाणपत्रही मागा. ते हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.