एफओ मेला की तोफा गप्प, हा नियम आला कुठून?

कॉम्बॅट मिशन या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर गेम मालिकेच्या खेळाडूंचं जुनं रडगाणं आहे हे. २००० साली आलेल्या पहिल्या भागात, बियाँड ओव्हरलॉर्डमध्ये, मोठ्या तोफा मॅपच्या बाहेर आणि मॅपवर फक्त एफओ (फॉरवर्ड ऑब्झर्व्हर), म्हणजे पुढे बसून तोफांना निशाणा सांगणारा. प्रत्येक एफओला एकच बॅटरी, म्हणजे तोफांचा एक गट, बांधलेली, तो मेला की उरलेले गोळे गेले, जणू गडी १०५ एमएमचे सगळे गोळे पाठीवर घेऊनच फिरत होता.

आता मुळात हा माणूस लागायला लागला कशाला, तर पूर्वी तोफखाना समोर दिसेल त्यावरच मारायचा. १५ डिसेंबर १८९९ ला दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात कोलेन्सोला ब्रिटिशांनी तोफा उघड्या माळावर पार पुढे नेल्या, बोअर रायफलवाल्यांनी तोफची टिपून काढले आणि ब्रिटिशांच्या १० तोफा गेल्या. मग तोफा टेकडीमागे लपवायची पद्धत रुळली, रशिया-जपान युद्धात ती चांगलीच दिसली, पण टेकडीमागून दिसतंय काय, म्हणून पुढे एक डोळा हवा आणि त्याचा निरोप मागे पोचायला हवा. खरी गोची तिथेच होती. पहिल्या महायुद्धात फोनच्या तारा गोळ्यांनी तुटायच्या, म्हणून घड्याळ लावून पुढे सरकणारा मारा करायचे, पायदळ मागे राहिलं तरी मारा आपला पुढे. ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलात अमेरिकन तुकडीवर स्वतःच्याच तोफांचे गोळे पडायला लागले, तर ते थांबवा म्हणून सांगायला कबुतर सोडावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात वायरलेस आला, पण प्रत्येक सैन्याची तऱ्हा वेगळी. ब्रिटिशांत पुढे बसलेला कॅप्टन तोफा मागायचा नाही, हुकूमच सोडायचा, ज्युनिअर अधिकारी मागे तोफांजवळ, आणि गरज पडली तर अख्ख्या रेजिमेंटच्या २४ तोफा एका निशाण्यावर. अमेरिकनांचं उलटं, पुढे एखादा पोरगेला लेफ्टनंट, तो फक्त विनंती करणार, गणित आणि निर्णय मागच्या फायर डायरेक्शन सेंटरचा, जे फोर्ट सिलच्या तोफखाना शाळेत १९३० च्या दशकात घडलं. पण त्या पोराच्या एका निरोपावर बटालियनच्या १२ तोफा सहज बोलायच्या. सोव्हिएतांकडे सुरुवातीला रेडिओच कमी, बॅटरी कमांडर स्वतः पुढे बसणार आणि बराचसा मारा आधी ठरवलेला. म्हणून मला वाटतं 'एक माणूस, एक बॅटरी' हा नियम सोव्हिएतांना बऱ्यापैकी शोभतो, अमेरिकन-ब्रिटिशांना अजिबात नाही, आणि गेमचा पहिला भाग नेमका त्यांच्याच लढाईवर! लोक मात्र ओरडतात ते गोळे उशिरा पडतात म्हणून, जी खरं तर त्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे.

कॉम्बॅट मिशनच्या आधी बोर्डगेमवाल्यांनी हेच पत्त्यांनी सोडवलं होतं. १९८५ च्या अॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडरमध्ये आधी रेडिओ लागतो का त्याचे फासे, मग काळा पत्ता आला तर बॅटरी तुमची, लाल आला तर ती दुसऱ्या कुणाच्या कामात. किचकट आहे, पण बॅटरी आपल्या एकट्याची नसते हे बरोबर पकडलंय.

आणि प्रत्यक्षात? ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधल्या मॉर्तँजवळच्या टेकडी ३१४ वर अमेरिकन बटालियन जवळपास आठवडाभर वेढ्यात होती, चहूकडे जर्मन, आणि दोन लेफ्टनंट एफओ वरून मारा सांगत होते. रेडिओच्या बॅटऱ्या संपत आल्या तेव्हा त्या काढून उन्हात दगडांवर ठेवायचे, तेवढाच थोडा जीव यायचा, की पुन्हा दोन वाक्यं बोलून बंद. टेकडी पडली नाही.

कॉम्बॅट मिशनच्याच २०११ च्या बॅटल फॉर नॉर्मंडी या भागात एफओ मेला तर दुसरा एखादा कमांडर तीच बॅटरी मागवू शकतो, फक्त वेळ जास्त लागतो. रेडिओची बॅटरी मात्र तिथेही संपत नाही.