तप्त उपबटू की श्वेत बटू? दोघेही मिनिटामिनिटाला लुकलुकतात

वासुकी तारकासमूहातला ईसी १४०२६-२६४७ हा तप्त उपबटू १४४ सेकंदांच्या आवर्तनाने स्पंदतो. तिमिंगलातला झेडझेड सेटी हा श्वेत बटू, त्याची मुख्य आवर्तनं २१३ आणि २७४ सेकंदांची. दोघेही निळसर, दोघेही अंधूक. नुसता प्रकाशाचा आलेख समोर ठेवला तर नवखा निरीक्षक हमखास फसतो.

आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. उपबटूच्या गाभ्यात हेलियम अजून जळतंय. तांबड्या राक्षसी अवस्थेत असताना त्याचं हायड्रोजनचं आवरण जवळजवळ सगळं निघून गेलं, बहुतेकदा जोडीदार ताऱ्यामुळे. वस्तुमान सूर्याच्या निम्म्याच्या आसपास, त्रिज्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी, तापमान ३० हजार केल्विनच्या घरात. श्वेत बटूचं इंधन संपलेलं असतं. सूर्याच्या सुमारे ०.६ पट वस्तुमान पृथ्वीएवढ्या गोळ्यात दाटलेलं असतं आणि तो निवत जातो. निवत निवत ११-१२ हजार केल्विनपर्यंत आला की झेडझेड सेटीसारखा स्पंदू लागतो.

माझ्या मते सगळं कोडं घनतेपाशी सुटतं. तारा जितका घन, तितका त्याचा स्वाभाविक ठोका जलद. उपबटूची सरासरी घनता पाण्याच्या शंभर-दीडशे पट. हिशोब केला की ठोका काही मिनिटांचा येतो, आणि दिसतोही तेवढाच. म्हणजे ताऱ्यातून दाबाच्या लाटा, ध्वनिलहरीच म्हणा ना, फिरताहेत. श्वेत बटू पाण्याच्या लाखो पट घन. तिथे ध्वनिलहरींचा ठोका सेकंदांत संपायला हवा! मग २१३ सेकंद येतात कुठून? त्या लाटांची जातच निराळी. वर सरकलेला पदार्थ भोवतालापेक्षा जड ठरून खाली येतो, खाली गेलेला हलका ठरून पुन्हा वर ढकलला जातो, आणि हे झुलणं संथ असतं. या लाटांना गुरुत्व-लाटा म्हणतात, पण आइनस्टाइनच्या गुरुत्वीय लहरींशी त्यांचा काही संबंध नाही.

या लाटांना बळ देणारेही वेगळे. उपबटूत ते काम लोहाचं. प्रारणाच्या दाबाने लोह सुमारे २ लाख केल्विनच्या थरात साठतं, थर अपारदर्शक होतो, उष्णता अडवतो आणि सोडतो. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी १९९६ मध्ये हे गणिताने वर्तवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँडहून केलेल्या निरीक्षणांत स्वतंत्रपणे सापडलेला पहिला असा तारा १९९७ मध्ये जाहीर झाला. श्वेत बटूत पृष्ठभागाजवळचा अर्धवट आयनीभूत (म्हणजे काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेला) हायड्रोजन हे काम करतो.

दोघांतला फरक ओळखायचा तर निरीक्षकाने एक वर्णपट घ्यावा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागून पाहावा. श्वेत बटूच्या प्रचंड दाबामुळे हायड्रोजनच्या रेषा खूपच रुंदावतात, उपबटूच्या त्यामानाने अरुंद राहतात.

मात्र थोडे थंड उपबटू संथ लाटांनीही स्पंदतात, पाऊण तासापासून काही तासांपर्यंतच्या आवर्तनांनी. ते २००३ मध्ये जाहीर झाले. बलून ०९०१००००१ या ताऱ्यात तर दोन्ही लाटा एकत्र दिसतात: जलद लाटांवरून बाहेरचे थर कळतात, संथ लाटांवरून खोलवरचे.