टेलहूकचे सात पुरुष

लास व्हेगासचं हिल्टन हॉटेल, तिसरा मजला, सप्टेंबर १९९१. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांचं वार्षिक संमेलन भरलेलं. संघटनेचं नाव टेलहूक. टेलहूक म्हणजे विमानाच्या शेपटीखालचा लोखंडी आकडा. विमानवाहू जहाजावर उतरताना तो डेकवरच्या तारेत अडकतो आणि विमान थोडक्या अंतरात थांबतं. आखाती युद्ध जिंकून सहा-सात महिने झाले होते आणि दारू पाण्यासारखी वाहत होती. त्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये अधिकारी दोन्ही भिंतींना पाठ लावून उभे राहायचे. मधून एखादी बाई चालली की तिला पकडायचं, चिमटायचं, कपडे ओढायचे आणि ढकलत पुढच्याच्या हाती द्यायचं. या प्रकाराला त्यांच्यात ‘गॉन्टलेट’ असं नाव होतं. नाव आहे म्हणजे प्रथा जुनी, हे उघडच.

प्रकरण फुटलं ते एका नौदल अधिकारी स्त्रीने जाहीरपणे तोंड उघडल्यामुळे. नौदलाच्या सचिवांना जून १९९२मध्ये राजीनामा द्यावा लागला. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल १९९३च्या एप्रिलमध्ये आला. १४० अधिकाऱ्यांची प्रकरणं कारवाईसाठी पाठवली गेली, पण कोर्ट मार्शलमध्ये एकालाही दोषी ठरवलं गेलं नाही. या अहवालातलं एक वाक्य मात्र सहसा अर्धंच सांगितलं जातं. त्या संमेलनात ९० जणांवर अत्याचार झाले, त्यात स्त्रिया होत्या ८३. उरलेले ७ पुरुष.

हे सात जण आकड्यापुरते आले आणि आकड्यातच राहिले. याला योगायोग म्हणता येणार नाही, कारण अमेरिकी लष्करी कायद्यात त्यांना बसायला जागाच नव्हती.

तिथला लष्करी न्यायाचा एकसंध कायदा १९५०चा. त्यातल्या कलम १२०मध्ये बलात्काराची व्याख्या होती ती ‘स्वतःची बायको नसलेल्या स्त्रीशी’ बळजबरीने, तिच्या संमतीविना केलेला संभोग, अशी. बायको वगळली होती आणि पुरुष तर चौकटीतच नव्हता. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती झाली, ‘स्त्री’ हा शब्द गेला आणि बायकोची सूटही गेली. कागदावर कलम लिंगनिरपेक्ष झालं. पण ‘संभोग’ या शब्दाचा अर्थ जुनाच धरला जात होता, त्यामुळे एका सैनिकाने दुसऱ्या सैनिकावर केलेल्या बळजबरीला बलात्कार म्हणता येईना. ते प्रकरण जायचं शेजारच्या कलम १२५खाली, म्हणजे ‘अनैसर्गिक’ संभोगाच्या कलमाखाली. २००७मध्ये कलम १२० पुन्हा लिहिलं गेलं, तरी ही गोष्ट तशीच राहिली. जून २०१२पासून लागू झालेल्या मसुद्यात ती सुटली. पुरुषावरच्या अशा बळजबरीला बलात्कार म्हणायला अमेरिकी लष्कराला ६० वर्षं लागली.

खरी मेख कलम १२५मध्ये होती. ते बळजबरीपुरतं नव्हतं. परस्परसंमतीने झालेला समलिंगी संबंधही त्याच कलमाखाली गुन्हा होता, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. आता एखादा विशीतला पोरगा तक्रार घेऊन वरिष्ठांसमोर उभा आहे असं समजा. त्याला पहिल्यांदा सिद्ध काय करावं लागणार? आपली संमती नव्हती, हे. ते जमलं नाही तर आरोपीबरोबर तोही त्याच कलमाखाली आरोपी. तक्रारदार आणि गुन्हेगार यांच्यामध्ये एका पानाचंही अंतर नव्हतं.

वर हकालपट्टीची टांगती तलवार. ‘समलैंगिकता लष्करी सेवेशी विसंगत आहे’ असं संरक्षण खात्याने १९८१मध्येच नियमात लिहून ठेवलं होतं. १९९३मध्ये क्लिंटन सरकारच्या काळात तडजोड निघाली, ‘विचारू नका, सांगू नका’. नाव समजूतदार वाटतं, पण या धोरणाखाली १३ हजारांहून अधिक लोक सेवेतून काढले गेले. ते संपलं २० सप्टेंबर २०११ रोजी. तोवर अत्याचार झालेल्या पुरुषाने जे सांगायचं होतं, त्यातला अर्धा भाग ‘सांगू नका’मध्ये मोडत होता. तो स्वतः समलिंगी असो वा नसो, प्रश्न त्याच्याभोवतीच फिरायचा. स्त्रीला विचारायचे, तू तिथे गेलीसच कशाला. पुरुषाला विचारायचे, तू नक्की कोण आहेस.

आपल्याकडचा प्रवास गंमतीशीर आहे, जवळजवळ उलटा. दिल्लीच्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३मध्ये सुचवलं होतं की पीडित व्यक्ती स्त्रीच असेल असं कायद्याने गृहीत धरू नये. फेब्रुवारीतल्या वटहुकमात भाषा लिंगनिरपेक्ष झालीही. एप्रिलच्या कायद्यात ‘स्त्री’ परत आली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३चा कायदा तर नावापासूनच स्त्रियांसाठी. पुरुषाला आधार उरला होता कलम ३७७चा, म्हणजे ज्या कलमाने समलिंगी माणसांचं आयुष्य नासवलं त्याचाच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये संमतीचे संबंध त्यातून मोकळे केले आणि बळजबरीचा भाग ठेवला. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे कलमच नाही. सज्ञान पुरुषावरच्या बलात्काराला आज आपल्या फौजदारी कायद्यात स्वतंत्र नाव नाही. आपल्या जवानासाठी १९५०च्या आर्मी अ‍ॅक्टमधलं कलम ४६ आहे. ‘क्रूर, असभ्य किंवा अनैसर्गिक स्वरूपाचं लांच्छनास्पद वर्तन’ हे त्याचे शब्द, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. शब्द नीट वाचले तर कळतं की इथे लांच्छन लागतंय ते फौजेला. ज्याच्यावर हे वर्तन झालं त्याचा या वाक्यात पत्ता नाही.

पण सगळा दोष कायद्यावर टाकून भागत नाही. बॅरेकमध्ये या गोष्टीला दुसरंच नाव असतं: मस्करी. फार तर रॅगिंग.

अमेरिकी नौदलातली विषुववृत्त ओलांडण्याची प्रथाच पाहा. पहिल्यांदा रेषा ओलांडणारा खलाशी ‘बेडूकमासा’. रेषा ओलांडलेले ते सगळे जुने. बेडूकमाशांना डेकवर सांडलेल्या कुजक्या खरकट्यातून रांगायला लावायचं, अग्निशमनाच्या पाइपाच्या तुकड्यांनी ढुंगणावर फटके द्यायचे, आणि ‘शाही बाळ’ झालेल्या एखाद्या ढेरपोट्या खलाशाच्या ग्रीस फासलेल्या पोटाचं चुंबन घ्यायला लावायचं. काही पोरांना बायकांचे कपडे घालून सौंदर्यस्पर्धेत मिरवायचे. शेवटी सगळे हसायचे, प्रमाणपत्र मिळायचं, आणि पुढच्या खेपेला पाइपाचा तुकडा तुमच्या हातात यायचा. यातले बरेच जण आजही ती आठवण हौसेने सांगतात, ते खोटं सांगतात असं मला म्हणायचं नाही. मात्र जिथे पुरुषाला नमवायचं म्हणजे बाई करायचं हा सगळ्यांना कळणारा विनोद असतो, तिथे मस्करी कुठे संपली हे सांगणारा एकटा पडतो. आपल्याकडे ‘बांगड्या भर’ म्हणतात ते काय वेगळं आहे?

१९९७च्या जानेवारीत मरीन सैनिकांच्या एका विधीची चित्रफीत टीव्हीवर आली. पॅराशूटचा पंखांच्या आकाराचा धातूचा बिल्ला मिळवलेल्या सैनिकांच्या छातीत त्या बिल्ल्याच्या टोकदार पिना ठोकल्या जात होत्या आणि ते वेदनेने ओरडत होते. देश हादरला, त्याच वर्षी नौदलाने रॅगिंगवर बंदीचा आदेश काढला. म्हणजे जखम दिसली की ती क्रूरता ठरत होती. कपडे उतरवणं, गुप्तांगांना हात लावणं, वस्तू खुपसणं हे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं रॅगिंगच्याच खात्यात जमा होत राहिलं. हेच बाईच्या बाबतीत घडलं असतं तर निदान कागदावर तरी गुन्हा म्हटला गेला असता.

आकडे नव्हते असंही नाही. पेंटॅगॉनने लैंगिक छळाची पहिली मोठी पाहणी केली १९८८मध्ये. ६४ टक्के स्त्रियांनी वर्षभरात काही ना काही छळ झाल्याचं सांगितलं, आणि १७ टक्के पुरुषांनीही. टेलहूकच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट. त्या १७ टक्क्यांकडे कुणी वळून पाहिलं नाही. पाहिलं ते २०१३च्या मे महिन्यात, जेव्हा आदल्या वर्षात २६ हजार सैनिकांवर नकोसे लैंगिक स्पर्श वा अत्याचार झाल्याचा अंदाज जाहीर झाला आणि त्यात सुमारे १३,९०० पुरुष निघाले. निम्म्याहून जास्त. पुढच्याच वर्षी रँड या संशोधन संस्थेने वेगळ्या, अधिक काटेकोर प्रश्नावलीने मोजलं, तेव्हा साधारण १०,६०० पुरुष आणि ९,६०० स्त्रिया.

इथे थोडं थांबायला हवं, कारण याच आकड्यांवर उड्या मारणारे खूप आहेत. फौजेत तेव्हा दर सात माणसांत सहा पुरुष होते. त्यामुळे संख्येने पुरुष जास्त निघाले तरी धोका स्त्रीलाच कितीतरी पट. रँडच्या मोजणीत वर्षभरात पुरुषांपैकी सुमारे १ टक्का, तर स्त्रियांपैकी ४.९ टक्के. ‘पुरुषांवरही अन्याय होतो’ हे वाक्य बऱ्याचदा बाईला गप्प बसवण्यासाठीच उच्चारलं जातं, आणि ते उच्चारणाऱ्यांनी या पुरुषांसाठी बोटही हलवलेलं नसतं. दार उघडलं ते स्त्रियांनी. २०११मध्ये दोन संरक्षणमंत्र्यांविरुद्ध दावा लावणाऱ्या सतरा जणांत पंधरा स्त्रिया होत्या आणि दोन पुरुष. दावा फेटाळला गेला, पण त्या दोघांना उभं राहायला सोबत मिळाली ती या पंधरा जणींची.

रँडच्या पाहणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली. पुरुषांवरचे अत्याचार बरेचदा ड्यूटीच्या वेळेत, कामाच्या जागी होतात, एकाहून अधिक जण मिळून करतात, पुन्हा पुन्हा करतात, आणि दारूचा संबंध कमी असतो. हेतू विचारला तर पुरुष सांगतात, मला लाज आणायची होती, किंवा ते रॅगिंग होतं. अत्याचार रोखण्यासाठी सैनिकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणातले प्रसंग मात्र पार्टी, दारू, तो आणि ती याच साच्यातले होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०१५मध्ये यावर बोट ठेवलं आणि हिशेब मांडला: अत्याचार झालेल्या स्त्रियांपैकी किमान ४० टक्के तक्रार करतात, पुरुषांपैकी फार तर १३ टक्के. पुरुषांसाठी वेगळा आराखडा संरक्षण खात्याने काढला तो २०१६च्या ऑक्टोबरमध्ये.

उपचारांतही क्रम तोच. १९९२मध्ये स्त्री माजी सैनिकांनी सिनेटच्या समितीपुढे साक्षी दिल्या, त्यानंतरच्या कायद्याने समुपदेशनाचा हक्क दिला तो फक्त स्त्रियांना. १९९४मध्ये पुरुष त्यात आले. आज माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत प्रत्येकालाच विचारतात, सेवेत असताना तुमच्यावर लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला का. दर तीन स्त्रियांपैकी एक ‘हो’ म्हणते आणि दर पन्नास पुरुषांपैकी एक. तरीही ‘हो’ म्हणणाऱ्यांत तिघांमागे एकाहून अधिक जण पुरुष भरतात, इतकी त्यांची संख्या मोठी.

भरपाई मागायला गेलं की पुरावा लागतो, आणि तक्रारच केलेली नसेल तर पुरावा आणायचा कुठून? २००२च्या नियमाने यावर तोड काढली. थेट नोंद नसली तरी आजूबाजूच्या खुणा चालतील, असं म्हणून त्याने यादीच दिली: अचानक केलेला बदलीचा अर्ज, कामात झालेली घसरण, दारू किंवा ड्रग्जचं व्यसन, कारण न सापडणारी घाबरगुंडी, पैशांच्या बाबतीतलं विचित्र वागणं, गुप्तरोगाची तपासणी. गर्भधारणेची चाचणीही यादीत आहे, ती पुरुषाच्या कामाची नाही. बाकीच्या नोंदी मात्र बहुतेकांच्या सेवापुस्तकात आयत्याच सापडतात. त्यांच्या वरिष्ठांनी त्या लिहून ठेवलेल्या असतात, बेशिस्त आणि नालायक म्हणून त्यांना घरी पाठवताना.