बैठकांतील खुबेदुखी

बैठका मारताना किंवा खांद्यावर बारबेल घेऊन स्क्वॉट करताना जांघेत, खुब्याच्या बाजूला अथवा कुल्ल्यात होणारी वेदना. हा एक आजार नसून निरनिराळ्या दुखण्यांचा गट आहे. पुण्यात पेठांमधील तालमींच्या जोर-बैठका आणि जिममधील वजनी स्क्वॉट हे दोन्ही व्यायाम शेजारी-शेजारी नांदतात. त्यांतली खुबेदुखी मात्र सारखी नसते.

बैठकेचा उगम निश्चित सांगता येत नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात मल्लांच्या भारश्रम, स्तंभश्रम इ. श्रमप्रकारांची (व्यायामांची) वर्णने आहेत. पण त्यांतील कशाचीही आजच्या बैठकेशी निःशंकपणे सांगड घालता येत नाही. तिची सध्याची घडण उत्तर पेशवाईच्या सुमाराची असावी, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर हे मल्लविद्येचे नामांकित गुरू याच काळातले, आणि शुक्रवार पेठेतील चिंचेची तालीमही पेशवेकालीन मानली जाते. पुण्यात १९२४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांमुळे तालमीबाहेरच्या वर्गातही व्यायामाची आवड रुजली.

तालमीतील बैठकेत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, गुडघे पुढे सरतात आणि धड बरेचसे ताठ राहते. त्यामुळे ताण मुख्यतः गुडघा व मांडीच्या पुढच्या स्नायूंवर पडतो. बारबेलच्या स्क्वॉटमध्ये टाचा टेकलेल्या असतात, कुल्ले मागे जातात, धड पुढे झुकते. खुबा अधिक दुमडतो आणि नितंबाच्या स्नायूंवर व कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांवर) अधिक भार येतो. तालमीत तयार झालेला पठ्ठा जिममध्ये जाऊन खुब्याची तक्रार करू लागला, तर नवल नाही.

दुखण्याची जागा हा निदानाचा पहिला धागा. अगदी खाली गेल्यावर जांघेत चिमटा बसल्यासारखे होत असेल आणि रुग्ण अंगठा व बोटे पसरून पंजाने खुब्याची बाजू धरून दाखवत असेल, तर सांध्याच्या आतल्या अडथळ्याचा संशय येतो. मांडीच्या हाडाचा माथा किंवा उखळीची कड यांच्या ठेवणीमुळे होणारी ही घासाघीस बर्न येथील शल्यचिकित्सक राइनहोल्ड गान्झ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडली. पुढे तज्ज्ञांच्या २०१६ च्या वॉरिक सहमतीनुसार लक्षणे, तपासणी आणि क्ष-किरण चित्र हे तिन्ही जुळल्याशिवाय हे निदान करू नये असे ठरले. हे बंधन योग्यच म्हणावे लागेल. हाडाची तशी ठेवण काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंतही सर्रास आढळते. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखत असेल व त्या कुशीवर झोपवत नसेल, तर नितंबाच्या कंडरांचा विकार संभवतो. बसताना टेकणाऱ्या हाडापाशी दुखणे बहुधा मांडीमागच्या स्नायूंच्या कंडरेचे असते.

कुल्ल्याच्या मध्यभागी दुखले की जिममध्ये ‘पिरिफॉर्मिस’ हे नाव लगेच पुढे येते. त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) पुढील पृष्ठभागापासून मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यापर्यंत जाणारा हा लहान स्नायू. त्याच्याखालून पायाकडे जाणारी सायटिक नस बाहेर पडते. चरकसंहितेत गृध्रसीची, म्हणजे सायटिकाची, वेदना नितंबापासून (स्फिक्) सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा अशी पायापर्यंत उतरते असे म्हटले आहे. सुश्रुताचा भर टाच व बोटांकडच्या कंडरांवर आहे. या स्नायूचा सायटिकाशी संबंध योमन यांनी १९२८ मध्ये सुचवला आणि रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये त्याला स्वतंत्र लक्षणसमूहाचे नाव दिले. दरम्यान १९३७ मध्ये बीटन व अॅन्सन यांनी नस आणि स्नायू यांच्या परस्पर मांडणीचे सहा प्रकार ठरवले. काहींमध्ये नस स्नायूला भेदून जाते. हीच मांडणी दुखण्याचे कारण, असे दीर्घकाळ समजले गेले. परंतु २०१० मधील एका एकत्रित आढाव्यात वेगळी मांडणी शवविच्छेदनांत १६.९ टक्के, तर या विकारासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांत १६.२ टक्के आढळली, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. ‘खोल नितंब विकार’ ही अलीकडची व्यापक संज्ञा म्हणूनच अधिक सोयीची ठरते. कुल्ल्यातील पुष्कळशी वेदना मुळात कमरेच्या मणक्यातून उतरलेली असते, हेही येथे नोंदवणे भाग आहे.

उपायांत पूर्ण विश्रांतीपेक्षा भार बेताचा करण्याला हल्ली प्राधान्य आहे. ‘बलार्ध’ म्हणजे निम्म्या शक्तीनेच व्यायाम करावा, हा सुश्रुताचा दंडक परिचित आहे. जांघेत चिमटा बसत असल्यास त्या खोलीच्या वरच थांबावे. मागे स्टूल ठेवून कुल्ला टेकताच उठणे ही सोपी युक्ती. पायांतील अंतर वाढवून चवडे थोडे बाहेर वळवल्यास अनेकांना जागा मिळते. घोटा न वाकणारे टाचेखाली अडीच किलोच्या चकत्या सरकवतात. अय्यंगार योगपद्धतीत मालासनासाठी (उकिडवे बसण्याच्या आसनासाठी) टाचेखाली घडी केलेले घोंगडे देतात, त्यामागचे तत्त्व तेच. कंडरांच्या दुखण्यात ताण देऊन ओढण्याचे व्यायाम, विशेषतः पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेणारे, बहुधा त्रास वाढवतात. त्याऐवजी हळूहळू वाढवलेला भार उपयोगी पडतो. व्यायामावेळी किंचित दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले तर चालते. सकाळी लंगडत उठावे लागले तर भार जास्त झाला.

रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप, पायात वाढती दुर्बलता, जननेंद्रियाभोवती बधिरता किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे असल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी आवश्यक. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांत व अतिमद्यपान करणाऱ्यांत मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचू शकतो. सुरुवातीला क्ष-किरण चित्र निर्दोष दिसते, म्हणून अशा व्यक्तीच्या जांघेतील दुखण्यात एमआरआय करून घेतात.