‘शंभर वर्षांचा पूर’ आणि पालिकेचा खर्च : एक खुलासा

‘शंभर वर्षांचा पूर नुकताच येऊन गेला, आता शंभर वर्षं चिंता नाही’ हा समज चुकीचा आहे. या पुराची शक्यता दर वर्षी 1 टक्का असते आणि यंदा तो आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. 30 वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, म्हणजे साधारण चारात एक.

याच समजाचं भावंड म्हणजे ‘एकदा पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल हे दाखवणारी रेषा, आखली की पालिकेचं काम संपलं’. खरं तर काम तिथून सुरू होतं. वरच्या भागात काँक्रीट वाढलं की तेवढ्याच पावसात पाणी लवकर आणि जास्त येतं. रेषा जुनी पडते. मग नदीपात्राचे आडवे छेद (ठिकठिकाणची रुंदी-खोली) पुन्हा मोजायचे, पुलांखाली पाणी जायला किती मोकळी जागा आहे ते तपासायचं, पूरपातळीचं गणित नव्याने करायचं.

सर्वात जास्त चुकतं ते नव्या घरांच्या जोत्याच्या (ज्या चौथऱ्यावर भिंती उभ्या राहतात त्याच्या) तपासणीत. जोतं पूरपातळीच्या वर आहे ना, हे भिंती उभ्या राहण्याआधीच मोजायला हवं. नंतर सापडलेली 30 सेंटिमीटरची कमतरता कोण दुरुस्त करणार? भराव टाकून जोतं उचललं, तर पाण्याची जागा जाते आणि ते शेजाऱ्याकडे वळतं.

या कामांच्या पैशाचं म्हणाल, तर बांधकाम परवाना शुल्क फार तर अर्ज छाननीला पुरतं. सर्वेक्षण सर्वसाधारण करांतून किंवा पक्क्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर लावलेल्या पाणीनिचरा आकारातून करता येतं. दुसरा मार्ग आम्हाला जास्त न्याय्य वाटतो : जो पाणी वाढवतो, तोच भरतो.